तुम्ही विचारलंत म्हणून: उपासना आणि वनहक्काचे दावे

“ताई, रविवारी उपासना आणि सोमवारी वनहक्काचे दावे, याचा एकमेकांशी काय संबंध?” नंदुरबारला आल्यापासून हा प्रश्न मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, विचारतात आणि बाहेरचेही.

माझं माहेर नगरचं. तिथली आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनमधून उभी राहिली, आणि ते मिशन काँग्रिगेशनल पंथाच्या लोकांचं. या पंथात बिशप नसे. पाळक (चर्चचा धर्मगुरू) कोण, पैसा कुठे लावायचा, हे ज्या त्या मंडळीने सभेत बसून ठरवायचं. (१९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्यावर आम्हालाही बिशप मिळाले, पण सभेची सवय सुटली नाही.) ही नुसती कारभाराची गोष्ट नव्हे. देव साध्या माणसांच्या सभेतही आपली इच्छा कळवतो असं एकदा मानलं, की त्या सभेतून बाईला, गुलामाला, गावकुसाबाहेरच्याला कोणत्या तोंडाने उठवणार?

हे सगळ्यांना लगेच उमगलं असं नाही. याच पंथाच्या पूर्वजांनी १६६० साली बॉस्टनमध्ये मेरी डायर या क्वेकर, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, बाईंना फाशी दिलं. ते लपवून वारसा सांगता येत नाही. पण १८५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ बटलर गावच्या मंडळीने अँटोइनेट ब्राउन या बाईंना पाळकपदाची दीक्षा दिली, आणि त्यासाठी वरच्या कुणाची परवानगी लागली नाही. आपल्याकडे याच मिशनच्या मिस सिंथिया फरार १८२७ साली आल्या आणि मुलींच्या शिक्षणात आयुष्य घातलं. नगरची त्यांची शाळा जोतिरावांनी पाहिली होती. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडेच घेतले. मिस फरार यांचं नाव महाराष्ट्रात फार कमी घेतलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खानदेशातल्या भिल्ल, मावची मंडळ्या दुसऱ्या मिशनच्या. तरी तळोद्याकडच्या पाड्यावर वनहक्काच्या ग्रामसभेत पहिल्यांदा बसले तेव्हा मला काहीच परकं वाटलं नाही. कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागायचा, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने दाव्याची सुरुवात ग्रामसभेतूनच होते आणि वनहक्क समितीत बायका लागतातच. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात आहे, हे दाखवावं लागतं. सातबारा कुठून आणणार? मग पत्र्याच्या पेटीतून अतिक्रमणाच्या दंडाची जुनी पावती निघते. ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवलं, तोच आता लेकाचा पुरावा होतो. पावती नसेल तर गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब चालतो. आजी भिलीत सांगतात: कुठला नाला, कुठलं मोहाचं झाड, कोण कुठवर नांगरायचं. शेजारची मुलगी मराठीत सांगते, मी लिहून घेते, मग सभेपुढे वाचून दाखवते. चुकलं असेल तर आजी तिथेच थांबवतात आणि सगळे ऐकतात.

जबाब लिहून घ्यायला माणसं फार कमी पडतात. विचारणाऱ्यांपैकी ज्यांचं अक्षर बरं आहे, त्यांनी येत्या सोमवारी माझ्याबरोबर चला.