लोणा लागलेला दवाखाना

पेठेतला जुना दवाखाना म्हणजे वेगळी इमारत क्वचितच. वाड्याचे रस्त्याकडचे दोन-तीन खण, एवढाच पसारा. ओसरीवर पेशंटांची बाकं, झुलत्या अर्ध्या दाराआड डॉक्टर आणि कडेला फळ्या ठोकून केलेली कंपाउंडरची कोठडी. तिच्या खिडकीची फळी मधोमध झिजून खोलगट झालेली असते. घरून आणलेली बाटली तिथूनच आत जायची आणि डोसाच्या खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवून बाहेर यायची.

भिंती पांढऱ्या असायच्या, त्या नुसत्या शोभेसाठी नव्हेत. ताज्या चुन्यात जंतू सहसा तगत नाहीत. १८९७ च्या प्लेगात पुण्यातली घरं म्हणूनच चुन्यानं धुऊन काढली होती.

या भिंतींचा खरा शत्रू पाऊस नाही, सिमेंट आहे. जमिनीतली ओल जोत्यातून वर चढते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, सिमेंटचा कोंडून ठेवतो. मग ओल आणखी वर सरकते, क्षार फुलतात, म्हणजेच लोणा लागतो, पोपडे सुटतात. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं आतून कुजतात. पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर आधी टेकू द्यायचा, गिलाव्याचं नंतर बघू. (पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, नदीकाठी कच्च्या मातीच्या भिंती अक्षरशः विरघळल्या. तेव्हा डागडुजीआधी भिंत पक्क्या विटेची आहे की मातीची, हे एका कोपऱ्यात खरवडून पाहावंच.)

सिमेंट ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढावं, हातोडा जपून चालवावा. दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, अर्धा-पाऊण इंच खोल कोरून भिंत भिजवावी. कळीचा चुना विझवून निदान दोन आठवडे पाण्याखाली मुरवलेला हवा. विझवताना तो उकळतो, डोळ्यांना चष्मा लावा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. गिलाव्याचे एकावर एक दोन हात, प्रत्येकी साधारण अर्धा इंच, आणि आठवडाभर ओली गोणपाटं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो, त्यामुळे ऐन पावसाळ्यात किंवा एप्रिल-मेच्या रखरखीत उन्हात हे काम काढू नये. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. वर चुन्याचेच तीन पातळ हात. ऑइलपेंट मारला की सगळी मेहनत वाया, आणि रंगारी नेमका तोच सुचवतो.

फरशी शहाबादी असेल तर तिच्यावरचे जेन्शन व्हायोलेट या जखमेवरच्या औषधाचे जांभळे डाग राहू द्या. शहाबादी म्हणजे चुनखडकच. संडास धुण्याचं ॲसिड पडलं की फसफसतं आणि गुळगुळीत पाठ कायमची खरबरीत होते.