बोलायला शिकायला गेले आणि आधी गप्प बसायला शिकले – माझा अनुभव

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मी तेव्हा नुकतीच टीम लीड झाले होते. त्याआधी आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेलं, लॉजिक पक्कं, चूक शोधण्यात हात धरणारं कोणी नाही असं सगळेच म्हणायचे. आणि पहिल्याच अप्रेझलला मॅनेजर म्हणाले, "काम उत्तम आहे, पण टीममधली मुलं तुझ्याशी बोलायला कचरतात." मला इतकं लागलं ते. मी कोणावर कधी ओरडले नव्हते, मदतीला कायम पुढे, मग कचरायचं कशाला? दोन दिवस धड झोप नव्हती.

पहिली प्रतिक्रिया अशी की आपला तो पिंडच नाही, काही लोकांना जन्मतःच माणसं कळतात, आपल्याला आकडे कळतात, विषय संपला. पण विषय डोक्यातून जाईना म्हणून वाचायला लागले. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये मांडलं की बुद्धी एकच नसते, भाषेची, गणिताची, संगीताची, जागा आणि आकार समजण्याची, शरीराची, दुसऱ्याला ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची अशा सात वेगवेगळ्या असतात, पुढे निसर्ग ओळखण्याची आठवी त्यांनी जोडली. हे वाचून मला आधी बरंच वाटलं, म्हणजे माझी गणिताची आहे, माणसांची नाही, सुटले! पण अजून वाचल्यावर कळलं की बऱ्याच मानसशास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, चाचण्यांमध्ये या क्षमता एकमेकींपासून इतक्या सुट्या दिसत नाहीत, आणि चार्ल्स स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी तर 1904 मध्येच दाखवलं होतं की एका विषयात चांगले गुण मिळवणारी मुलं बहुतेक वेळा बाकीच्या विषयांतही बऱ्यापैकी असतात. शिवाय गार्डनर स्वतःही माणसाच्या कपाळावर एकच शिक्का मारा असं म्हणत नाहीत. माझं मत विचाराल तर ती यादी नकाशा म्हणून फार छान आहे, आपण कुठल्या खोलीत वर्षानुवर्षं पाऊलच टाकलेलं नाही ते दिसतं. मी माणसांच्या खोलीत गेलेच नव्हते. आणि पुढे कळलं की स्वतःच्याही नाही.

सुरुवात कुठून करायची कळेना म्हणून जे येतं तेच केलं, पुरावा गोळा केला. सगळ्यांना विचारून आमचा एक कॉल रेकॉर्ड केला आणि रात्री हेडफोन लावून ऐकत बसले. साधारण पस्तीस मिनिटांचा कॉल. मी वहीत एक रेघ मारायची ठरवली, दुसऱ्याचं वाक्य तोडलं की एक रेघ. चौदा रेघा झाल्या. त्यातली एक जागा मी पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकली. आमचा सगळ्यात ज्युनिअर मुलगा म्हणतो, "मॅडम, मला वाटतं ती एंट्री दोनदा–" आणि माझा आवाज, अगदी प्रेमळ आवाज बरं का, "हो हो, ते मी बघितलंय, पुढे जाऊ." त्यानंतर तो संपूर्ण कॉलमध्ये एक शब्द बोललेला नाही. मी भलतंच काहीतरी बघितलं होतं. एंट्री दोनदा सेव्ह होत होती आणि ते आम्हाला चार दिवसांनी क्लायंटने सांगितलं. ओरडणं म्हणजेच वाईट बोलणं असं मी धरून चालले होते, गोड आवाजातही माणसाला गप्प करता येतं हे त्या रात्री कळलं.

मग मी तीन सेकंदांचा नियम लावून घेतला, समोरच्याचं बोलून झालं की तीन सेकंद थांबायचं. तो माझा नाही, मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी वर्गांमधली रेकॉर्डिंग्ज तपासली तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. वाचायला सोपं आहे हो, करून बघा. दहा भाषांमधल्या गप्पा तपासणारा 2009 चा एक अभ्यास आहे, त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत तयार होत असतं, त्यामुळे तीन सेकंद म्हणजे घसा आवळल्यासारखं होतं. मी टेबलाखाली बोटं मोजायचे. पहिले दोन आठवडे सगळं लक्ष मोजण्यातच, ऐकणं शून्य.

समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं ही पद्धत मात्र माझ्याकडून आधी पार बिघडली. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये जे ॲक्टिव्ह लिसनिंग, म्हणजे समोरच्याला समजून घेत ऐकणं, मांडलं त्यातलाच हा भाग, पण मी पोपटासारखी करत होते, शेवटी एक मैत्रीण म्हणाली, अगं माझंच वाक्य मला परत काय देतेस! तेव्हा शब्द सोडून त्यामागची काळजी विचारायला लागले, "तुला डेडलाइनची भीती वाटतेय की डिझाइनच पटलेलं नाहीये?" यातलं माझं चुकलं तरी समोरचा स्वतः दुरुस्त करून सांगतो, आणि खरी गोष्ट तिथेच बाहेर येते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रोज रात्री पाच मिनिटं लिहिण्याचा. आज कोणाला तोडलं आणि त्या क्षणी आत काय होतं, एवढंच. सुरुवातीला रोज एकच शब्द, "वैताग". महिनाभराने पानं उलटून बघितली तर जिथे जिथे वैताग लिहिलं होतं तिथे खरं म्हणजे भीती होती, वेळ संपेल, काहीतरी सुटेल आणि ते माझ्या नावावर येईल. हे कळल्यावर तोडणं निम्म्याने कमी झालं, मुद्दाम काही न करता. मी बाहेरचं बोलणं सुधारायला निघाले होते आणि कुलूप आत होतं.

घरी मुलगी चौदा वर्षांची. "कसा गेला दिवस?" "ठीक." एवढंच चालायचं आमचं. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना तिने "ठीक" म्हटलं आणि मी पुढचा प्रश्न गिळला. चार कपड्यांच्या घड्या झाल्या. पाचव्याला ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती आता माझ्याशेजारी बसत नाही." मी सल्ला दिला नाही, तोंडाशी आला होता. त्या संध्याकाळी तासभर बोलत होती.

ज्युनिअर मुलाला मी त्या रेघांची वही दाखवली, सॉरी म्हणाले. तो गडबडून गेला आधी. आता कॉलवर तो "मॅडम, एक मिनिट, माझं व्हायचंय अजून" असं सरळ म्हणतो आणि मला खूप बरं वाटतं.

फोनवर मात्र अजून जमलेलं नाही नीट. तिथे तीन सेकंद थांबलं की समोरून लगेच "हॅलो? हॅलो, येतोय ना आवाज?" म्हणून सध्या मी थांबण्याआधी सांगून टाकते, "ऐकतेय मी, तू बोल."