साहेबांना खुर्चीवरून उठवलं तेव्हा… माझा अनुभव

एका रेसिंग टीमच्या कंपनीत मी छोटा भागीदार. ज्यांनी ही टीम शून्यातून उभी केली आणि 20 वर्षांवर चालवली, त्या साहेबांना पदावरून काढायच्या ठरावाला मी पण हात वर केला होता. असा विचार कोणाच्या मनात घोळत असेल तर आधी हे वाचा, म्हणून लिहितोय.

कारणं खरी होती. सलग दोन सीझन बजेटच्या बाहेर खर्च, हिशोब वेळेवर नाहीत, पार्ट्सच्या ऑर्डरी फोनवर तोंडी, आणि बोर्डात प्रश्न विचारला की "रेस झाल्यावर बोलू". ती रेस संपली की पुढची. आमचं तिथे चुकलं असं मला आजही वाटत नाही.

आम्ही भागीदारांमधला करार काढला, मतं मोजली, पुरेशी भरली. तेवढ्यावरच आम्हाला वाटलं की झालं काम. एक भागीदार म्हणाला पण, फॉर्म्युला वन विकत घेणाऱ्या लिबर्टी मीडिया कंपनीने जानेवारी 2017 मध्ये ते वर्षानुवर्षं चालवणाऱ्या 86 वर्षांच्या बर्नी एक्लस्टोनना बाजूला केलंच ना, फॉर्म्युला वन बंद पडलं का? तेव्हा सगळ्यांना पटलं. मी नंतर नीट बघितलं तर लक्षात आलं की त्यांनी आधी काही महिने चेस कॅरीना चेअरमन म्हणून आणून बसवलं होतं, मग एकट्या एक्लस्टोनचं काम तिघांत वाटलं, धंद्याची बाजू शॉन ब्रॅचेसकडे, रेसिंगची रॉस ब्रॉनकडे आणि वर कॅरी, टीम्सबरोबरचे करार 2020 पर्यंत कागदावर होते, आणि मुख्य म्हणजे जानेवारीत रेसच नसतात. आम्ही ठराव केला तो ऐन सीझनमध्ये, दोन रेसच्या मधल्या आठवड्यात. पुढचा माणूसही ठरलेला नव्हता.

सोमवारी पत्र दिलं. बुधवारी बँकेचा फोन. कर्जाला साहेबांची पर्सनल गॅरंटी होती, ती ते काढून घेणार असतील तर दुसरं तारण द्या म्हणाले. मोठ्या स्पॉन्सरच्या करारात एक कलम निघालं की साहेब गेले तर स्पॉन्सर मध्येच बाहेर पडू शकतो, ते कलम आमच्यातल्या एकानेही वाचलेलं नव्हतं. चॅम्पियनशिपच्या एंट्रीवर अधिकृत सही त्यांची. आणि सगळ्यात भीती वाटली ती इंजिनाची, कारण पुढच्या सीझनच्या इंजिनांचा करारच नव्हता, साहेब आणि सप्लायर यांचा एकमेकांना दिलेला शब्द होता, बस. तो शब्द आमच्या कंपनीला दिलेला नव्हता, त्या माणसाला दिलेला होता, हा फरक मला तेव्हा कळला.

चीफ इंजिनिअरने त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

अजून एक गोष्ट, जी लोक विसरतात. खुर्ची काढून घेतली तरी शेअर्स त्यांचेच राहतात. मॅक्लारेन या फॉर्म्युला वन टीमच्या कंपनीत प्रमुख आणि भागधारक असलेल्या रॉन डेनिसना नोव्हेंबर 2016 मध्ये बाजूला केलं, पण शेअर्सचा प्रश्न सुटायला 2017 चा जून उजाडला आणि तो सौदा 275 मिलियन पाउंडचा होता. आमचे साहेब पण भागधारकांच्या मीटिंगला समोर येऊन बसले, त्यांचा तो हक्कच होता.

ऐन सीझनमध्ये काढणं म्हणजे बुडालंच, असंही नाही. रेड बुलने 2005 पासून त्यांच्या फॉर्म्युला वन टीमचे प्रमुख असलेल्या ख्रिश्चन हॉर्नरना जुलै 2025 मध्ये काढलं, पण लॉरां मेकीस त्यांच्याच दुसऱ्या टीमचे प्रमुख होते, ते त्याच दिवशी जागेवर आले, आणि त्यांचा ड्रायव्हर व्हर्स्टॅपनने शेवटच्या रेसपर्यंत लढत दिली, टायटल फक्त 2 पॉइंट्सनी हुकलं. शिवाय गाड्यांचे डिझायनर न्यूईंसारखी मोठी माणसं हॉर्नर असतानाच गेली होती, म्हणजे जुन्या माणसाला ठेवण्यातही धोका असतो, तो पण धरायला हवा.

तीन आठवड्यांनी मी एकटा साहेबांकडे गेलो. वकील नाही, फाईल नाही. तासभर ते फक्त बोलत होते, पहिली गाडी कशी बांधली, पैसे नव्हते तेव्हा टायर कुणाकडून उधार आणले, आणि मी ऐकत होतो. ठरावाबद्दल त्यांची तक्रार नव्हती, तक्रार एवढीच होती की वर्कशॉपमधल्या पोरांना ही बातमी मेलवर कळली. ते माझ्या फार मनाला लागलं, कारण तो मेल मीच लिहिला होता. मी माफी मागितली, मनापासून.

त्यानंतरच गोष्टी हलल्या. सीझन संपेपर्यंत ते सल्लागार राहतील, स्पॉन्सरला दोघांच्या सहीने पत्र जाईल, इंजिनवाल्यांकडे ते स्वतः आमच्याबरोबर येतील आणि आम्ही त्यांची गॅरंटी ठरलेल्या मुदतीत सोडवून देऊ, असं लेखी झालं. स्पॉन्सर थांबला, रक्कम कमी करून. चीफ इंजिनिअर काही परत आला नाही, त्याच्याबरोबर सेटअपची कितीतरी माहिती गेली आणि उरलेल्या रेसमध्ये ते दिसत होतं.

शेवटच्या रेसनंतर साहेब वर्कशॉपमध्ये आले, एकेका मेकॅनिकशी हात मिळवून स्वतः बोलले. इंजिनांचा करार आता कागदावर आहे, कंपनीच्या नावाने. त्यांच्या गॅरंटीचं काम मात्र बँकेत अजून अडकलंय, ते मी सोडवतोय.