चुंबळ कशाची होती?

नववीत असताना फेब्रुवारीत आमची सहल कालाकुंडला गेली होती. तेव्हा इंदूरहून खंडव्याकडे मीटर गेजची गाडी जायची. महू मागे पडलं की माळव्याचं पठार संपत येतं, पाताळपाण्यापासून घाट लागतो आणि बोगदे ओलांडत गाडी निमाडच्या अंगाला उतरते. कालाकुंडच्या फलाटावर आम्ही पानातला कलाकंद खाल्ला, चोरल नदीत पाय बुडवले आणि संध्याकाळी परतलो. सोमवारी मराठीच्या सरांनी प्रवासवर्णन लिहायला सांगितलं.

मी चार पानं लिहिली. धरतीने हिरवा शालू नेसला होता, नदी खळखळून हसत होती, गावकरी भोळेभाबडे होते. एका वाक्यावर मी फार खूश होतो: ‘डोक्यावर मोळी घेऊन उभी असलेली ती आदिवासी स्त्री लेण्यातल्या शिल्पासारखी भासत होती.’ वही परत आली तेव्हा गुण दिलेले नव्हते. हिरव्या शालूपाशी लाल शाईत लिहिलं होतं, ‘फेब्रुवारीत सागाला पानं किती असतात?’ आणि त्या लाडक्या वाक्याखाली चार प्रश्न. मोळीचं वजन किती? विकणार कुठे? चुंबळ कशाची होती? परतीच्या गाडीत तिला बसायला जागा मिळते का?

सर एवढंच म्हणाले, “रविवारी जाऊन विचारून ये.”

दादाला घेऊन मी गेलो. तीच बाई असेल असं वाटलं नव्हतं, पण ती होती. मोळी फलाटावर टेकवून गाडीची वाट बघत बसली होती. मी मोळी उचलून पाहिली. गुडघ्यापर्यंतही आली नाही. लाकडं सालीच्या दोरीने इतकी करकचून बांधलेली, की मध्ये बोट जाईना. चुंबळ जुन्या लुगड्याच्या काठाची होती, डोक्याच्या घामाने आणि तेलाने काळी पडलेली, आणि मधोमध दबून तिला तिच्याच डोक्याचा आकार आला होता. मोळी महूला एका हॉटेलच्या भट्टीसाठी जायची. अडीच रुपये मिळायचे. मी वहीत लिहायला लागलो तशी ती म्हणाली, “कई लिखी रिया हो, बेटा?” मला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात गाडी आली, आणि चौथा प्रश्न राहून गेला.

पुढच्या तासाला सरांनी जे शिकवलं ते मी आजवर इतक्या स्वच्छ शब्दांत कुठे वाचलेलं नाही. ते म्हणाले, प्रवासी गावाबद्दल लिहितो तेव्हा त्याचं क्रियापद बघा. ‘इथल्या बायका पहाटे पाणी भरतात, पुरुष शेतात राबतात, माणसं साधी असतात.’ सगळा रीतीचा वर्तमानकाळ. या काळात गाव कधी बदलत नाही, तिथे कुणाला ताप येत नाही, कुणाचं कर्ज फिटत नाही. त्याऐवजी ‘ती बाई त्या दिवशी तिसऱ्यांदा पाण्याला निघाली होती’ असं लिहून बघा. लगेच विचारावंसं वाटतं, तिसऱ्यांदा का? मग उपमांकडे वळले. शिल्प, चित्र, शालू, पैंजण हे सगळं शहरातल्या घरातलं सामान. गावाला उपमा द्यायची तर गावातलीच द्या. चुलीतली, गोठ्यातली, खळ्यावरची. ती सापडेपर्यंत तिथे थांबावं लागतं, आणि थांबण्यातच निम्मं लेखन होतं.

गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ सरांनी आम्हाला वाचून दाखवला तो याच भरात. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी 1857 साली डोक्यावरचं कर्ज फेडायला, दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले. पुस्तक छापून आलं 1907 साली. बंडाची वार्ता त्यांना आपल्या महूच्या आसपास शिपायांकडून लागली, हे ऐकून आमचा वर्ग एकदम सावरून बसला होता. सर म्हणाले, या माणसाला निसर्गशोभेची फुरसत नव्हती. रात्री मुक्काम कुठे, शिधा कोण देईल, पुढची वाट सुरक्षित आहे का, हीच त्याची नजर. म्हणून त्याच्या लेखणीतलं गाव खरं वाटतं. नर्मदा परिक्रमेबद्दलही ते असंच बोलायचे. ‘नर्मदे हर’ म्हणत दाराशी उभा राहिलेला परिक्रमावासी सदावर्तात मिळालेल्या पिठाची भाकरी थापतो. गाव त्याला उंबरठ्यापासून दिसतं, आणि घरातली माणसंही त्याला निरखत असतात. खिडकीतून बघणाऱ्याला उलटं कुणी बघत नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो.

पुढे बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये माझी बावीस वर्षं गेली, माळव्यात आणि निमाडातही. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ ही माळव्याची ख्याती मी लहानपणी अभिमानाने म्हणायचो. कर्जाच्या फायली चाळताना मात्र ट्यूबवेल खोल खोल नेण्यासाठी आलेले अर्ज दिसायचे. ती म्हण खोटी होती असं नाही. ती एका काळची होती, आणि लिहिणारे अजूनही ती वर्तमानकाळात लिहीत होते. एप्रिलच्या उन्हात, गहू निघाल्यावर उघडी पडलेली काळी जमीन हातभर भेगाळते. त्या दिवसांतलं प्रवासवर्णन मी शोधून शोधून थकलो. सगळे श्रावणात नाहीतर हुरड्याच्या दिवसांत येतात.

2018 साली पाताळपाणी ते कालाकुंड अशी हेरिटेज गाडी सुरू झाली. नातीला घेऊन मी गेलो. डब्याला मोठमोठ्या काचा, प्रत्येक वळणावर मोबाइल उंचावलेले. मलाही घाट सुंदरच वाटला, ते नाकारायचं कारण नाही. फलाटावर मोळीवाली कुणी नव्हती. नातीने शाळेसाठी वहीत काहीतरी टिपायला घेतलं, तेव्हा मी तिला कलाकंदवाल्याकडे पाठवलं: दूध कुठल्या गावाहून येतं आणि पहाटे किती वाजता, हे विचारून ये म्हणून.

ती विचारत होती तेवढा वेळ मी बाकावर बसून होतो. सरांची ती लाल शाईची वही माझ्याकडे अजून आहे. तीन प्रश्नांपुढे उत्तरं लिहिलेली आहेत. चौथ्यापुढची जागा कोरी आहे.