पालच्या डोंगरातून नाल्याने खाली उतरणार असाल, तर पाणी वरूनच भरून घ्या

सर्वात आधी कामाचं सांगतो. जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या पालच्या दक्षिणेची सातपुड्याची जी रांग आहे, तिच्यातून तापीच्या मैदानाकडे उतरणाऱ्या छोट्या नाल्यांना पायथ्याला पाणी नसतं. वर डोंगरात कमरेएवढे डोह भरलेले असले तरी नसतं. मोबाईलच्या नकाशात डोंगरापासून थेट तापीपर्यंत निळी रेघ दिसते, तिच्यावर जाऊ नका. पायथ्याच्या गावात टपरीवर आम्हाला सांगितलं गेलं होतं, "काही नही भो, दोन घंट्याचं काम हाये, पानी तं बारमाही." नाल्याचा मधला फक्त एक टप्पा उतरायलाच आम्हाला चार तास लागले. आणि बारमाही पाणी जिथे असायला हवं होतं, तिथे गुडघाभर गोटे आणि वाळू. ऑक्टोबरचं ऊन, प्रत्येकाच्या बाटलीत शेवटचे दोन घोट, आणि केळीच्या पहिल्या मळ्यापर्यंत अजून मोठी चाल बाकी. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण तो स्वतः त्या नाल्याने उतरलेला नव्हता. "तुम्ही स्वतः कधी उतरलात?" हा प्रश्न आधी विचारा आणि मगच ऐका.

दुसरा राग जीपवाल्याचा. रावेर आणि सावदा ही दोन्ही स्टेशनं भुसावळ-खंडवा मार्गावर आहेत, तिथून खिरोद्यावरून घाटाने पालला जाता येतं. एसटीची वेळ आदल्या दिवशीच स्थानकावर विचारून ठेवा, सकाळची गाडी चुकली तर तुम्ही जीपवाल्याच्या हातात सापडता. आमच्याकडून एका बाजूचे अठराशे मागितले, घासाघीस करून चौदाशेवर आला. वर "जंगलाची पावती" म्हणून माणशी दोनशे वेगळे घेतले आणि कागद काही दिला नाही. नाक्यावर चौकशी केली तर असा कुठलाही हिशेब नव्हता. यावल अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर परवानगी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयातून घ्यायची, पैसे तिथेच भरायचे, पावती खिशात ठेवायची. मधल्या माणसाला एक रुपया देऊ नका. वाटाड्या मात्र पाड्यावरचाच घ्या आणि त्याची पूर्ण दिवसाची मजुरी घासाघीस न करता द्या. आमच्याबरोबर आलेले पावरा आदिवासी समाजाचे दादा नसते तर आम्ही मधल्या कड्यावरून परत फिरलो असतो.

पालबद्दल मी फार लिहीत नाही. सुकी नदीच्या खोलगट खोऱ्यातलं गाव, सकाळी गारवा, राहायला बरं. तिथे सगळेच जातात.

खरी गंमत सुरू होते दक्षिणेच्या धारेवर. तिथे एक बसकी खिंड आहे. खिंडीत उभं राहून उत्तरेला पाणी ओतलं तर ते पालच्या खोऱ्यात जातं, सुकीला मिळतं आणि गारबर्डीच्या धरणात अडतं. दक्षिणेला ओतलं तर आपल्या नाल्यात. दोन्हीकडचं पाणी शेवटी तापीच्याच खोऱ्यातलं, पण उत्तरेच्या थेंबाचा प्रवास खोऱ्यातून वळसे घेत होतो आणि दक्षिणेचा थेंब जवळजवळ सरळ उभा खाली पडतो. तापीच्या खोऱ्याचा हा तिरकेपणा नकाशात लगेच कळतो. मुलताईपासून समुद्रापर्यंत 724 किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा अशा लांबलचक नद्या मिळतात. गिरणा तर पार कळवणच्या डोंगरातून येते. उत्तरेकडून मिळतात त्या सुकी, मोर, गूळ, अनेर, अरुणावती, गोमाई. या सातपुड्यातून उतरणाऱ्या, त्या मानाने आखूड आणि तीव्र उताराच्या. मोठ्या नद्यांचं हे असं असेल तर त्यांच्या मधल्या बिननावाच्या नाल्यांचं काय, ते पायांना कळतं.

खिंडीपासून पहिला तासभर सोपा आहे. साग, धावडा, सालई, मधेच अंजनाची झाडं. सालईच्या आणि धावड्याच्या खोडांवर डिंकासाठी घातलेले घाव दिसतात, त्यांना हात लावू नका, तो कुणाच्या तरी घरचा पैसा आहे. नाला इथे नुसती ओलसर घळ आहे. दोन-तीन घळी एकत्र आल्या की पाण्याचा आवाज सुरू होतो.

मग पायऱ्या लागतात. सातपुड्याचा हा भाग काळ्या बेसॉल्टचा, लाव्ह्याचे थर एकावर एक. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, वरचा भाग भोकाभोकांचा आणि ठिसूळ. पाणी ठिसूळ भाग खाऊन टाकतं, घट्ट भाग कडा म्हणून उभा राहतो. म्हणून नाला उतार म्हणून उतरतच नाही. तो जिन्यासारखा उतरतो: सपाट फरशी, डोह, कडा, पुन्हा फरशी. दोन थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो, हातभर जाडीचा. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्याची ती माती. या लाल पट्ट्याच्या वर झरे फुटतात, कारण पाणी त्यातून सहज खाली जात नाही. आम्ही एका पट्ट्याखाली बसून बघितलं: खडकाच्या भेगेतून पाण्याची बोटभर रुंद पट्टी येत होती, खाली शेवाळाचा हिरवा ओघळ, आणि खडकाच्या पोकळ्यांत पांढऱ्या स्फटिकांचे बारीक झुबके. जळगाव जिल्ह्यातले झिओलाइट, म्हणजे बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढणारी स्फटिकांची खनिजं, जगभरच्या संग्रहांत आहेत. इथे ते नाल्याच्या भिंतीत जागच्या जागी बघायला मिळतात. फोडून घेऊ नका, अभयारण्य आहे.

शेवटचा भरवशाचा डोह इथेच. बाटल्या इथे भरा, माणशी तीन लिटर. गाळून, गोळी टाकून. यात कंजूषी करू नका.

आता तो टप्पा. डोहाच्या खाली नाला अचानक अरुंद होतो आणि पुढे धोंड्यांची रास लागते. दीड-दोन मीटरचे गुळगुळीत धोंडे, मधे घाणेरीची झुडपं, खाली फटींतून पाणी वाहतंय पण हाताला येत नाही. एका धोंड्यावरून दुसऱ्यावर पाय टाकताना गुडघ्याचं काय होतं ते सांगायची गरज नाही. त्यानंतर दोन पुरुष उंचीचा कडा, अंगावर शेवाळ, खाली खोल-उथळ कळत नाही असं हिरवं पाणी. कड्यावरून सरळ उतरू नका. वीस मीटर दोर असेल तरीही नको, कारण दोर बांधायला वर भरवशाचं झाड नाही, फक्त घाणेरी आहे. डाव्या हाताच्या म्हणजे पूर्वेच्या उतारावर चढून कड्याला वळसा घाला. तिथेही मुरूम सुटा आहे, पाय सरकतो, एकेकाने जा, खालच्या माणसाच्या डोक्यावर दगड पाठवू नका. आणि वर बघा. समोरच्या कड्याच्या छपराखाली आग्या मोहोळं लटकलेली आहेत. दादांनी आम्हाला तिथे बोलू दिलं नाही, विडी पेटवू दिली नाही, डोक्यावर रुमाल घ्यायला लावला. अत्तर, सेंट, धूर, काहीही नको. इथे माशा उठल्या तर धावायला जागाच नाही.

या वळशाला दीड तास गेला. धोंड्यांची रास धरून चार. माझं सरळ मत: जुलै ते सप्टेंबर हा टप्पा कुणीही करू नये. डोंगरात पाऊस पडला तर नाल्यात पाणी तासाभरात चढतं, कारण पाणलोट लहान आणि उभा आहे, आणि या अरुंद भागात बाजूला निघायला वाट नाही. एप्रिल-मेमध्ये डोह आटतात आणि वणव्याची भीती. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर, एवढाच काळ. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी खिंडीपर्यंत जाऊन परत यावं, त्यात कमीपणा काही नाही.

कड्याखाली दरी उघडते आणि इथे मी थकवा विसरलो. नाला डोंगराच्या तोंडाशी येतो, उतार एकदम मोडतो, आणि डोंगरातून आणलेलं सगळं ओझं पाणी इथे टाकून देतं. आधी मोठे गोटे, पुढे लहान, मग भरड वाळू. बारीक माती सगळ्यात पुढे तापीकडे जाते आणि तिची काळी शेती होते. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतून हा गोट्यांचा पट्टा पसरला आहे. भूजलाची माणसं त्याला बझाडा म्हणतात. डोंगराचा पायथा इथे मोठ्या भ्रंशावर, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या रेषेवर आहे, एक बाजू वर राहिली, एक खाली गेली, आणि खालची बाजू लाखो वर्षं नाल्यांनी गाळाने भरली. पाणी या गोट्यांवर आलं की खाली जातं. बस.

ते प्रत्यक्ष बघा, त्यासाठी दहा मिनिटं थांबा. पाणी टाचभर होतं, मग बोटभर, मग नुसती चकाकी, मग ओले दगड, मग अर्धे ओले दगड. शेवटच्या खळग्यात बोटाएवढे मासे अडकलेले होते. त्यापुढे चार पावलांवर वाळू कोरडी ठणठणीत. दादांनी तिथे हाताने ढोपरभर झिरा खणला, बाजू ढासळू नये म्हणून कडेने गोटे लावले. आधी गढूळ पाणी आलं, ते ओंजळीने बाहेर फेकलं, मग हळूहळू नितळ भरलं. बाटलीत पाणी संपलं असेल तर हाच उपाय, पण तो ओल्या दगडांच्या जवळच करा. शंभर पावलं खाली गेलात तर कोपरापर्यंत हात घालूनही काही लागत नाही, आम्ही खणून बघितलं.

हेच पाणी खाली गेलेलं रावेर-यावलच्या केळीला लागतं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती केळी ज्या पाण्यावर उभी आहे ते या गोट्यांतून मुरलेलं आहे, हे किती जणांना माहीत आहे? जुनी माणसं हे ओळखून होती. फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशची राजधानी असलेल्या बऱ्हाणपूरला मुघल काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याकडून मुरत येणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं गेलं. तो कुंडी भंडारा आजही उतरून बघता येतो. आता मात्र उपसा मुरण्यापेक्षा जास्त आहे, आणि मळ्यांत बोअर शेकडो फूट गेलेत. तापीचं पुराचं पाणी या पट्ट्यात मुरवायची मेगा रिचार्ज योजना आहे, तिच्यासाठी 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा करारही झाला. ती होईल तेव्हा होईल. तोवर नाल्याच्या तोंडातून वाळू आणि गोटे उपसून नेणं थांबलं पाहिजे. आम्हाला ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे माग दिसले, आणि जिथून गोटे उचलले होते तिथे खाली पिवळी घट्ट माती उघडी पडली होती. त्या जागी पाणी मुरणार कुठून?

गोट्यांचा पट्टा पार करायला दुपारी तीनच्या आत लागा. नाल्याच्या पात्रातून चालू नका, पाय रुततात. पश्चिमेच्या काठाने बैलगाडीची जुनी वाट आहे ती धरा. पहिल्या मळ्यात पोहोचलात की विहिरीवर पाणी मागा, कुणी नाही म्हणत नाही. आम्हाला एका काकूंनी पाण्याबरोबर भाकरी आणि ठेचा दिला आणि पैसे घेतले नाहीत. तिथून डांबरी रस्त्याला लागल्यावर सावद्याकडे जाणारी काळी-पिवळी हात करून थांबवा. संध्याकाळी सहानंतर ती मिळत नाही. सकाळच्या जीपवाल्याला "संध्याकाळी घ्यायला ये" असं सांगून ठेवू नका, तो परतीचे दुप्पट मागतो. काळी-पिवळीत माणशी तीस रुपये झाले.