घाटात जाणारा फ्यूज: मोटरहोमच्या दिव्यांचा माझा अनुभव

गोव्याकडे चोर्ला घाट उतरताना माझ्या मोटरहोमचे, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचे, आतले सगळे दिवे गेले. साखळी गावात फ्यूज बदलला, दिवे लागले. म्हापशाला पोचेपर्यंत पुन्हा गेला. फ्यूज लाल, म्हणजे 10 अँपिअरचा. दिवे आठ, प्रत्येकी 3 वॅटचे एलईडी. 24 वॅट म्हणजे 12 व्होल्टवर जेमतेम 2 अँपिअर. तेव्हा लोड वाढलेला नव्हता. गाडी हलली की कुठेतरी शॉर्ट होत होता, म्हणजे जिवंत वायर पत्र्याला टेकत होती.

अशा वेळी पिवळा 20 चा फ्यूज घालून मोकळे होणारे बरेच भेटतात. पण फ्यूज दिवा वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. प्लायवूडमागे कोंबलेली 1 चौरस मिलिमीटरची वायर तापून सोलली तरी 20 चा फ्यूज ढिम्म हलणार नाही.

शॉर्ट सापडला की मल्टिमीटर बीप वाजवतो, पण उभ्या गाडीत तो वाजेना. मग फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून लावला. शॉर्ट झाला की हा बल्ब लख्ख पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडवून धरतो. फ्यूज फुकट जात नाहीत. आतले सगळे दिवे बंद केले, बल्ब विझलेला. आता एकाने बल्बकडे बघायचं, दुसऱ्याने वायरी हलवत जायचं. छत, सिंकमागची बाजू, काही नाही. मागचं दार उघडलं आणि बल्ब भपकन पेटला.

दारावरच्या दिव्याचं बटण दिव्यातच आहे, त्यामुळे बिजागरीजवळून जाणारी वायर कायम जिवंत असते. तिथलं रबरी ग्रोमेट, म्हणजे पत्र्याच्या भोकात वायरीभोवती बसणारी कडी, फाटून पत्र्याच्या धारेने इन्सुलेशन कापलं होतं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, वायर दोन्ही बाजूंनी वीतभर मागे कापली, कारण खाऱ्या हवेने आतलं तांबं हिरवं पडलं होतं. अशा तांब्यावर सोल्डर धरत नाही. नवा तुकडा घातला, जॉइंट पंच करून (दाबून) त्यावर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवली, नवं ग्रोमेट बसवलं आणि दार उघडताना ताण येऊ नये म्हणून वायरीला थोडी ढील ठेवली. नुसती टेप गुंडाळली असती तर गोव्याच्या एका पावसाळ्यात सुटली असती.

तरी मागचे दिवे मंदच. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, दिव्यावर 10.9. दिवे चालू ठेवून, दिव्याची निगेटिव्ह आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात मीटर धरला तर 1.5 व्होल्ट. म्हणजे दोष अर्थचा, निगेटिव्ह वायर गाडीच्या सांगाड्याला जोडतात तिथला. चासीवरचा (सांगाड्यावरचा) बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवा रिंग लग (वायरीच्या टोकाची गोल कडी) आणि दात्यांचा वॉशर घालून आवळला, वर व्हॅसलीन. आकडा 0.1 च्या खाली आला.

आता तिथे 5 चा फ्यूज आहे. तो फिकट तपकिरी असतो आणि साडेसातचा तपकिरी. अंधुक उजेडात फसगत होते, म्हणून वरचा आकडा वाचूनच घालावा.