‘वॉर्म’, ‘मडी’, ‘एअरी’ : ऑडिओवाल्यांचे शब्द कानाने तपासताना – माझा अनुभव

हेडफोनचे किंवा स्पीकरचे रिव्ह्यू वाचले की ठरावीक विशेषणं पुन्हा पुन्हा भेटतात. वॉर्म, ब्राइट, मडी, शाऊटी, एअरी, फास्ट बास, व्हेल्ड. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये ‘स्टिरिओफाइल’ मासिक सुरू केलं आणि उपकरण ऐकून त्याबद्दल लिहायची पद्धत रुजवली, तेव्हापासून हा शब्दसाठा वाढतच गेला. पण नुसती व्याख्या वाचून यातला एकही शब्द कानात बसत नाही. मी धरलेला मार्ग असा : शब्दात सांगितलेला दोष किंवा गुण इक्वलायझरने (वेगवेगळ्या कंपनसंख्यांचा आवाज कमी-जास्त करणारं साधन) मुद्दाम तयार करायचा, तो कोणत्या पट्ट्यात (कंपनसंख्यांच्या कोणत्या भागात) बसतो ते लिहून ठेवायचं, आणि जो शब्द इक्वलायझरने तयार होत नाही त्याचं कारण खोलीत, ॲम्पमध्ये (हेडफोन किंवा स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) किंवा आवाजाच्या पातळीत शोधायचं.

साहित्य फार लागत नाही. मिडरेंज (आवाजाचा मधला पट्टा) चढउतारांशिवाय सरळ असलेला एक वायर्ड हेडफोन (मी सेनहायझर एचडी ६०० वापरतो), विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे मोफत सॉफ्टवेअर आणि ओळखीची तीन-चार रेकॉर्डिंग्ज. रेकॉर्डिंग मात्र विचारपूर्वक निवडावं. मी तंबोऱ्यासह ख्याल, द्रुत तीनतालातला तबला आणि स्त्री-आवाजातलं मोजक्या वाद्यांचं भावगीत घेतलं. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झवर आणि जोडीच्या तारा १३९ वर असतात, आणि जवारीमुळे (घोडीवर तार घासून येणारा झंकार) त्यांचे स्वरांश (मूळ स्वराच्या वरचे सूक्ष्म स्वर) कित्येक किलोहर्ट्झपर्यंत पसरतात. जवळजवळ सगळा पट्टा एकाच वाद्यात सतत वाजत राहतो, त्यामुळे कुठलाही फेरफार लगेच कळतो. परदेशी टेस्ट ट्रॅकपेक्षा हे मला जास्त उपयोगी वाटतं, कारण तंबोरा समोर बसून ऐकल्यावर कसा लागतो हे कानाला आधीच माहीत असतं.

इक्वलायझर लावताना सगळ्यात आधी प्रीॲम्प (सॉफ्टवेअरमधली एकूण पातळी) खाली आणायचा. कुठेही ६ डेसिबल वाढवणार असाल तर प्रीॲम्प उणे ६. हे राहिलं तर डिजिटल क्लिपिंग होतं (कमाल मर्यादेपलीकडचा आवाज कापला जातो) आणि त्या कर्कशपणालाच आपण ‘ब्राइट’ समजून बसतो. सुरुवातीला ६ डेसिबलचा ढोबळ उंचवटा, क्यू (उंचवटा किती अरुंद ते सांगणारा आकडा) १.४ ठेवून. तो डोळे मिटून ओळखता आला की ३ डेसिबल, मग दीड. रिव्ह्यूत ज्या फरकांबद्दल लिहिलेलं असतं ते बहुतेक या शेवटच्या आकाराचे असतात.

२५० हर्ट्झवर चढ दिला की ‘मडी’ तयार होतं : तबला आणि गायकाची छाती एकमेकांत मिसळतात, शब्दांच्या कडा बुजतात. ४०० ते ५०० वर गेलात की ‘बॉक्सी’, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. १ किलोहर्ट्झच्या आसपास ‘नेझल’. हार्मोनियम इथे सर्वात आधी चिरकायला लागते. ३ किलोहर्ट्झ हा पट्टा फार नाजूक आहे. कानाच्या नळीचा स्वतःचा अनुनाद साधारण इथेच असतो, त्यामुळे २ डेसिबलही पुष्कळ होतात. वाढवलं की गायिका पुढे सरकते (‘फॉरवर्ड’), आणखी वाढवलं की ‘शाऊटी’. उलट ३ डेसिबल कमी केले की ती मागे जाते, आणि इथे एक गंमत होते : याच फेरफाराला कोणी ‘लेड-बॅक’ म्हणतं, तर कोणी ‘साउंडस्टेज (वाद्यं पसरलेली भासते ती जागा) मोठा आहे’ म्हणतं. साउंडस्टेजची स्तुती वाचली की मी आधी त्या हेडफोनचा ग्राफ (कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज येतो त्याचा आलेख) ३ किलोहर्ट्झला खाली आहे का ते बघतो.

सिबिलन्ससाठी ६ ते ८ किलोहर्ट्झ. स, श, च, छ ही अक्षरं टोचायला लागली की समजावं. इअरफोनमध्ये मात्र ८ किलोहर्ट्झजवळचा उंचवटा बऱ्याचदा कानात तो किती खोल बसला यावर ठरतो. खोल बसवला की अनुनाद वर सरकतो. म्हणूनच एकाला सिबिलंट वाटलेला इअरफोन दुसऱ्याला गोड लागतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. पैसे घालवण्याआधी वेगळ्या मापाचे टिप लावून बघा. ‘एअर’ म्हणजे १० किलोहर्ट्झच्या वरचा पट्टा. तिथे २ डेसिबलचा हाय-शेल्फ (त्या मर्यादेवरचं सगळंच वाढवणारा फिल्टर) लावला की तंबोऱ्याभोवती मोकळेपणा येतो. वयाप्रमाणे इथलं ऐकणं कमी होतं, तेव्हा साइन टोन (एकाच कंपनसंख्येचा शुद्ध स्वर) वाजवून आपली मर्यादा आधी बघावी. मग एअरबद्दल कोणाचं मत किती धरायचं तेही ठरवता येतं.

सगळ्यात जास्त घोळ ‘वॉर्म’चा. २०० हर्ट्झखाली लो-शेल्फने अडीच डेसिबल वाढवा, आवाज वॉर्म होतो. आता ते काढून ४ किलोहर्ट्झच्या वर अडीच डेसिबल कमी करा, तरीही वॉर्मच वाटतो. पण दोन्हींचे उपाय उलट आहेत. दुसऱ्या प्रकारालाच जरा नाराजीने ‘व्हेल्ड’ म्हणतात. सेनहायझरच्या एचडी ६५० ला हे विशेषण वर्षानुवर्षं चिकटलेलं आहे. त्यामुळे कोणी ‘वॉर्म’ म्हणालं की पहिला प्रश्न विचारावा : डग्गा जास्त ऐकू येतो की चाट (तबल्याच्या कडेचा टणक आवाज) कमी? उत्तरावरून लगेच पट्टा कळतो.

‘फास्ट बास’चंही तसंच. १०० हर्ट्झखाली ३ डेसिबल कमी केल्यावर डग्ग्याचा घुमारा आवरतो, चाटेचे बोल सुटे होतात, आणि तोच हेडफोन फास्ट वाटायला लागतो. ‘डिटेल’ पुष्कळदा ४ ते ८ किलोहर्ट्झमधल्या चढामुळे किंवा नुसता आवाज जास्त असल्यामुळे भासतो. खरं डिटेल तपासायचं तर पातळी सारखी करून, भरघोस तानेच्या मागे जवारी वेगळी ऐकू येते का ते ऐकावं.

ॲम्पला लावलेली विशेषणं खोटीच असतात असं नाही. तिथे आउटपुट इम्पीडन्स (ॲम्पच्या आउटपुटचा विद्युत अडथळा, ओहममध्ये) बघायचा. समजा अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स पट्ट्यानुसार ८ ते ४० ओहम बदलतो. १० ओहमच्या आउटपुटवर ८ ओहमच्या जागी पातळी ७ डेसिबल पडते, ४० ओहमच्या जागी फक्त २. म्हणजे आवाजाचा समतोलच ५ डेसिबलने वाकला! १ ओहमच्या आउटपुटवर हाच फरक ०.८ डेसिबल राहतो. हेडफोनच्या किमान इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून आउटपुट कमी असावा, हा नियम यातूनच आला. ‘ट्यूब ॲम्पची ऊब’ही (ट्यूब ॲम्प म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) अशीच मोजता येते : ३०० ओहमच्या एचडी ६०० चा इम्पीडन्स ८० ते १०० हर्ट्झजवळ ५०० च्या वर जातो, आणि १०० ओहम आउटपुटच्या ट्यूब ॲम्पवर तिथे सुमारे १ डेसिबलचा चढ आपोआप येतो.

स्पीकरकडे वळलं की ‘बूमी’ आणि ‘टाइट’ हे शब्द खोलीचे होतात. १२ बाय १० फुटांची खोली, छत साडेनऊ फूट, असा आपल्याकडचा नेहमीचा बेडरूम घ्या. ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की पहिला रूम मोड (खोलीत घुमणारी कंपनसंख्या) मिळतो : १२ फुटांसाठी ४७ हर्ट्झ, १० साठी ५६, साडेनऊसाठी ५९. शेवटचे दोन इतके जवळ की एकमेकांवर चढतात आणि ती एक नोट गुरगुरत राहते. केबल किंवा डॅक (डिजिटल आवाजाचं विद्युत संकेतात रूपांतर करणारं उपकरण) बदलून हे हलत नाही. दोन इंची फोमही नाही, तो साधारण ५०० हर्ट्झच्या वरच काम करतो. ५६ हर्ट्झची पाव तरंगलांबीच दीड मीटर भरते. उपयोग होतो तो खुर्ची सरकवण्याचा. बरोबर मध्ये बसलं तर पहिल्या मोडचा खड्डा आणि मागच्या भिंतीला टेकलं तर पर्वत, म्हणून समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर सुरुवात करून अर्ध्या फुटाने पुढे-मागे व्हा. आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं मोफत सॉफ्टवेअर आणि यूएसबी मापन-माइक असेल तर प्रत्येक जागेचा ग्राफ काढता येतो.

इमेजिंगची (आवाज नेमका कुठून येतो ते कळण्याची) चाचणी मोनो पिंक नॉइजने (दोन्ही स्पीकरना सारखाच दिलेला, पावसासारखा सलग आवाज). आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, अरुंद जागी उभा राहायला हवा. तो पसरट, डोक्याभोवती फिरणारा आणि बासविना लागला तर एका स्पीकरच्या वायरचं प्लस-मायनस उलटं आहे. अशा जोडणीलाही ‘काय वाइड स्टेज आहे’ अशी दाद मिळू शकते, म्हणून ही चाचणी वगळू नये. हेडफोनमध्ये याच जागी सील (पॅड कानाभोवती घट्ट बसणं) तपासायचा : ३० हर्ट्झचा टोन लावून पॅड हलके दाबा. आवाज वाढला तर हवा गळते आहे. चष्म्याच्या काड्या हे त्याचं नेहमीचं कारण, आणि ‘बास थिन आहे’ या तक्रारीचंही.

इतकं झाल्यावर फुबार२००० या प्लेअरमध्ये मूळ आणि बदललेल्या गाण्याच्या दोन फाइली करतो, दोन्हींवर रीप्लेगेन (आवाजाची पातळी जुळवणारी सोय) स्कॅन चालवतो, आणि एबीएक्स कम्पॅरेटरमध्ये (कोणती फाइल वाजते ते न सांगता ओळखायला लावणारी चाचणी) रीप्लेगेन चालू ठेवून १६ फेऱ्या ऐकतो. पातळी ०.२ डेसिबलच्या आत जुळायलाच हवी, कारण अर्धा डेसिबल जास्त असलेली फाइल ‘जास्त मोठी’ न वाटता ‘जास्त जिवंत’ वाटते. १६ पैकी १२ बरोबर आले तर ते नुसत्या अंदाजाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते. तेवढे आले तरच तो शब्द वहीत लिहितो. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी : शब्द, पट्टा, किती डेसिबल, कोणतं गाणं आणि किती आवाजात. शेवटची नोंद टाळू नये. कमी आवाजात कानाला बास आणि अगदी वरचा ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, त्यामुळे रात्री हळू ऐकून ‘थिन’ लिहिलेला हेडफोन दुपारी मोठ्याने ऐकल्यावर ‘फुल’ ठरू शकतो.